पुरात भिजलेलं वॉशिंग मशीनचं कार्ड: उघडण्यापासून पुन्हा चालू करण्यापर्यंत

२०२४च्या ऑगस्टअखेरीस बडोद्यात विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली आणि समा, कारेलीबाग, अकोटा भागांतल्या कितीतरी तळमजल्यांत पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर रस्त्याच्या कडेला गाद्या, सोफे, आणि त्यांच्याशेजारी वॉशिंग मशीन, फ्रिज, स्टॅबिलायझर असे ढीग लागले. त्यातली बरीच यंत्रं भंगारात जायला नको होती. गणपती ७ सप्टेंबरला बसणार होते, घर लावायची घाई होती. लोकांनी मशीन बाहेरून पुसलं, दिवसभर ऊन दाखवलं आणि बटण दाबून पाहिलं. आतली पुष्कळ कार्डं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड, पुरात नाही, त्या बटणाशी गेली.

हे नीट समजून घेतलं तर पुढचं सगळं काम सोपं होतं. पुराच्या पाण्यात माती, क्षार, गटाराची घाण असते, म्हणून त्यातून वीज वाहते. ओल्या कार्डावर दोन ट्रॅकमध्ये, म्हणजे वीज नेणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांमध्ये, व्होल्टेज आलं की धन बाजूचं तांबं विरघळतं, ऋण बाजूवर जाऊन साठतं आणि तिथून केसासारखे बारीक फाटे फुटत समोरच्या ट्रॅककडे सरकतात. ते टेकले की शॉर्ट. याला दिवस लागत नाहीत, काही मिनिटं पुरतात. वीज नसलेलं कार्ड मात्र दोन-तीन दिवस पाण्यात राहूनही बऱ्याचदा वाचतं. गंज चढतो, पण हळूहळू.

आणि ‘मशीन बंदच होतं’ यावर विसंबू नका. हल्लीच्या बऱ्याच मशीनचं पॉवर बटण फक्त कार्डाला इशारा देतं, मुख्य वीज तोडत नाही. प्लग सॉकेटात आणि भिंतीवरचा स्विच चालू असेल तर कार्डावर चोवीस तास वीज असते. म्हणून नदी चढायची बातमी आली की पहिलं काम प्लग काढण्याचं. एमजीव्हीसीएल ही इथली वीज कंपनी पूरग्रस्त भागाची वीज तोडते, पण तोडायच्या आधी तुमच्या घरात पाणी आलेलं असू शकतं, आणि वीज परत कधी येईल हे आपल्या हातात नसतं.

कशाला हात लावायचा, कशाला नाही

घरी शिकत शिकत दुरुस्त करण्यासारखी कार्डं म्हणजे वॉशिंग मशीनचं, रिलेवाल्या (रिले म्हणजे विजेने उघडझाप होणारा स्विच) स्टॅबिलायझरचं, गीझर किंवा मिक्सरचं. आरओ प्युरिफायरचा २४ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर भिजला असेल तर तो सरळ नवा घ्या, त्यात वेळ घालवण्यात अर्थ नाही.

मायक्रोवेव्हला हात लावू नका. त्याच्या ट्रान्सफॉर्मरमधून २००० व्होल्टच्या आसपास वीज निघते आणि त्याचा वीज साठवणारा कॅपॅसिटर प्लग काढल्यावरही माणूस मारू शकतो. जुना काचेच्या ट्यूबचा टीव्ही तसाच. इन्व्हर्टर एसीचं बाहेरचं युनिट आणि इन्व्हर्टर फ्रिजचं कंप्रेसरवालं कार्ड जाणकाराकडे द्या. शिवाय नव्या फ्रिजमध्ये आर-६००ए हा जळाऊ गॅस असतो, त्यामुळे कंप्रेसरजवळ ठिणगी नको. भिजलेली लिथियम बॅटरी, मग ती मोबाइलची असो, स्कूटरची असो की पॉवर बँकेची, घरात ठेवूच नका.

कार्डाआधी घराचं पाहायला हवं. सॉकेट पाण्याखाली गेले असतील तर परवानाधारक वायरमनकडून वायरिंग मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राने, तपासून घ्या. विमा असेल तर काही उघडण्याआधी यंत्राचे फोटो काढा आणि सर्व्हेअर येऊन जाऊ द्या.

पहिली पायरी: साठलेली वीज उतरवणे

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, आणि तुम्हीही घालवावा असं मनापासून वाटतं.

२३० व्होल्टची एसी वीज एसीची डीसी करणाऱ्या डायोड ब्रिजमधून गेली की मोठ्या कॅपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठतात. कार्डावरचा सगळ्यात जाडजूड, ४०० किंवा ४५० व्होल्ट लिहिलेला उभा डबा तो हाच. निरोगी कार्डात एक रेझिस्टर त्याला हळूहळू रिकामा करतो. भिजलेल्या कार्डात तोच रेझिस्टर तुटलेला असू शकतो, म्हणून ‘आपोआप उतरलं असेल’ असं धरून चालू नका.

प्लग काढा आणि तो डोळ्यांसमोर ठेवा, म्हणजे घरातलं दुसरं कोणी लावणार नाही. दहा मिनिटं थांबा. मग १० किलोओहमचा, ५ वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर घ्या. त्याच्या दोन्ही टोकांना चांगल्या इन्सुलेशनच्या तारा जोडा आणि उघडा भाग श्रिंक स्लीव्हने झाका. तारांची टोकं कॅपॅसिटरच्या दोन्ही पिनांवर अर्धा मिनिट धरा. एका हाताने करता आलं तर उत्तम, दुसरा हात यंत्राच्या पत्र्यावर नको. स्क्रूड्रायव्हरने पिना जोडायची सवय पुष्कळांना आहे. त्यात ठिणगी डोळ्यांपर्यंत उडते आणि ट्रॅकही जळतो.

मग मीटर. आधी तो ९ व्होल्टच्या बॅटरीवर लावून चालतोय याची खात्री करा. मग कॅपॅसिटरवर डीसीच्या ६०० किंवा १००० व्होल्ट रेंजमध्ये मोजा, आणि शेवटी पुन्हा बॅटरीवर. मधल्या वेळात मीटरची प्रोब सैल झाली असेल तर तो शून्य दाखवेल आणि तुम्ही फसाल. वाचन ५ व्होल्टच्या खाली आलं की पुढे जा. पाच मिनिटांनी पुन्हा एकदा मोजा, कारण रिकामा केलेला कॅपॅसिटर थोडासा परत चढतो. सेमी-ऑटोमॅटिक मशीनमध्ये मोटरचा वेगळा कॅपॅसिटर असतो, त्याचीही वीज अशीच उतरवायची.

उघडणे आणि धुणे

पाण्यातून आलेल्या यंत्राला रबरी हातमोजे आणि मास्क लावूनच हात घाला. ते पाणी गटारातूनही आलेलं असतं.

प्रत्येक कनेक्टर काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या, आणि एकसारखे दोन दिसले तर मार्करने खूण करा. वायर ओढू नका, कनेक्टरचं कुलूप दाबून काढा. आत कार्ड पारदर्शक जेलीसारख्या रेझिनमध्ये पूर्ण बुडवलेलं आहे का ते पाहा. बऱ्याच मशीनमध्ये असतं. तसं असेल तर पाणी आत फारसं जात नाही आणि दुरुस्तीही फारशी होत नाही. कनेक्टरच्या पिना स्वच्छ करून, पूर्ण सुकवून पाहा. नाही चाललं तर नवं कार्ड. रेझिन खरवडत बसू नका, खालचे बारीक पार्ट त्याच्याबरोबर उखडून येतात.

उघडं कार्ड असेल तर बझरच्या भोकावर चिकटपट्टी लावा आणि एलसीडी सुटत असेल तर बाजूला ठेवा. मग नळाच्या बारीक धारेखाली मऊ टूथब्रशने गाळ काढा. आधीच भिजलेल्या कार्डाला पाणी लावायची भीती वाटते, पण वाळलेला गाळ तसाच राहिला तर पुढच्या पावसात तोच हवेतला ओलावा ओढून घेतो. नळाचं पाणी झालं की बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुवा, म्हणजे नळाचे क्षार निघतात. शेवटी ९९ टक्क्यांचा आयसोप्रोपिल अल्कोहोल ब्रशने लावा. चिपच्या पायांमध्ये, कनेक्टरच्या खाली, आणि कार्डात कापलेल्या फटींमध्ये ब्रश घाला. त्या फटी मुद्दाम ठेवलेल्या असतात, २३० व्होल्टची बाजू आणि कमी व्होल्टची बाजू लांब राहावी म्हणून. त्यांत चिखल अडकला तर तोच रस्ता होतो.

अल्कोहोल पटकन पेटतो. खिडकी उघडी, देवघरातला दिवा विझलेला, गॅस बंद. पेट्रोल, थिनर, सेंट वगैरे काही नको. थिनर प्लॅस्टिक विरघळवतो आणि सॅनिटायझरमधलं ग्लिसरीन कार्डावर चिकट थर सोडतं.

सुकवायला टेबल फॅन पुरतो, पण वेळ द्यावा लागतो. बडोद्याच्या भाद्रपदातल्या दमट हवेत किमान दोन पूर्ण दिवस, आणि कार्डावर ट्रान्सफॉर्मर असेल तर चार, कारण तारेच्या वेटोळ्यांतलं पाणी सगळ्यात शेवटी निघतं. मग एक दिवस हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. हेअर ड्रायर कमी उष्णतेवर हातभर लांबून चालेल. तव्यावर, ओव्हनमध्ये ठेवू नका. तांदळाच्या डब्याचा उपाय घरोघरी सांगतात, पण तांदूळ चिपखालचं पाणी ओढत नाही, उलट पिठूळ धूळ कार्डाला लागते.

नजरेची तपासणी

आता उजेडात बसा. मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघितला तरी भिंगाचं काम होतं. तपकिरी रंगाचं एकेरी कार्ड असेल तर मागून टॉर्च धरा, तुटलेला ट्रॅक उजेडाच्या रेषेसारखा दिसतो.

हिरवट-निळा थर म्हणजे तांब्याचा गंज. तो बहुतेक वेळा कनेक्टरच्या पायांशी सुरू होतो. जड पार्ट, म्हणजे रिले, ट्रायक (इलेक्ट्रॉनिक स्विच), मोठा कॅपॅसिटर, यांच्या पिनेभोवती सोल्डरमध्ये गोल चीर दिसली तर ते ड्राय सोल्डर, म्हणजे सुटलेला जोड. कॅपॅसिटरचा माथा फुगलेला असेल तर बदला. निळी किंवा पिवळी चकती फुटून काळी झाली असेल तर तो व्हॅरिस्टर, जास्त व्होल्टेजपासून कार्ड वाचवणारा पार्ट. तो फुटलेला आणि फ्यूजही गेलेला, असं दोन्ही दिसलं तर लाइनमधून जास्त व्होल्टेज आलं असणार. मग कार्डाबरोबर घराचा न्यूट्रल जोडही वायरमनकडून पाहून घ्या.

जळलेली काळी जागा फार महत्त्वाची. जळलेलं बोर्ड म्हणजे कार्बन, आणि कार्बनमधून वीज वाहते. वरून सोल्डर करून भागत नाही. ब्लेडने किंवा बारीक कानशीने काळं पूर्ण निघून स्वच्छ बोर्ड दिसेपर्यंत खरवडावं लागतं, भोक पडलं तरी चालेल. काळा डाग २३० व्होल्टच्या दोन ट्रॅकच्या मध्ये असेल आणि निघत नसेल, तर ते कार्ड संपलं. त्याला वाचवू नका.

तुटलेला ट्रॅक जोडणे

शेजारच्या काकूंच्या टॉपलोड मशीनचं कार्ड माझ्याकडे आलं होतं. “मेकॅनिक म्हणतो नवीनच घाला. तू एकदा बघ ना रे.” म्हटलं, “काकू, आठवडाभर द्या. आणि तोवर चुकूनही प्लग लावू नका.” धुऊन सुकवल्यावर कार्ड स्वच्छ दिसत होतं, पण रिलेला जाणारा १२ व्होल्टचा ट्रॅक कनेक्टरखाली हिरवा पडला होता. मीटर कंटिन्युइटीवर (जोड सलग असेल तर बीप देणाऱ्या रेंजवर) ठेवला तर बीप येई, आणि कनेक्टर किंचित हलवला की थांबे. तांबं पूर्ण तुटलेलं नव्हतं, एका धाग्याएवढं उरलं होतं. असे अर्धवट ट्रॅक जास्त त्रास देतात: टेबलावर चालतात आणि मशीन थरथरलं की बंद पडतात. म्हणून कंटिन्युइटी तपासताना कार्ड दोन बोटांनी हलकं वाकवून पाहा.

जोडायची पद्धत अशी. गंजलेल्या भागाच्या दोन्ही बाजूंना ट्रॅकवरचा बोर्डाचा रंग ब्लेडने अलगद खरवडून चकचकीत तांबं उघडं करा. गंज तसाच ठेवून त्यावर सोल्डर धरत नाही. रोझिनचा फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट धरावं म्हणून वापरायची राळ, लावा. पत्र्याच्या कामाचा अ‍ॅसिड फ्लक्स नको, तो राहिलेलं तांबं खातो. ६०/४० सोल्डर आणि सोल्डरिंग आयर्नचं ३५० अंशांच्या आसपासचं टोक. साधं २५ वॅटचं आयर्नही चालतं. टोक एका जागी तीन सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, नाहीतर ट्रॅक बोर्डावरून सुटून वर येतो. दोन्ही उघड्या जागांवर आधी पातळ सोल्डर चढवा, मग जंपर वायर, म्हणजे तुटलेल्या भागावरून नेलेली तार, ठेवून एकेक टोक जोडा.

वायरची जाडी करंटप्रमाणे. सेन्सर किंवा रिलेच्या कॉइलसाठी बारीक तार चालते. मोटर-पंपाचा ट्रॅक असेल तर १ चौरस मिलिमीटर, हीटरचा असेल तर १.५. जंपर २३० व्होल्टच्या बाजूवरून कमी व्होल्टच्या बाजूवर कधीही ओलांडू नका, लांबचा वळसा घ्यावा लागला तरी.

सोल्डरमध्ये शिसं असतं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर हे काम करू नका, लहान मुलांना दूर ठेवा, धूर तोंडावर येऊ देऊ नका, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय चहाचा कप उचलू नका.

पार्ट बदलताना

जुन्या पार्टवरचं लेखन फोटोत घेऊन दुकानात जा. नेमका पार्ट नसेल तर दुकानदार दुसरा पुढे करून “चाली जशे”, म्हणजे चालून जाईल, म्हणतो. काही ठिकाणी खरंच चालतं: २५ व्होल्टच्या कॅपॅसिटरऐवजी तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, १०५ अंशांचा ३५ व्होल्टचा लावला तर काही बिघडत नाही, जागेत बसला म्हणजे झालं. पण लाइनच्या बाजूला तडजोड नाही. चौकोनी एक्स२ कॅपॅसिटर आणि छोटा निळा वाय कॅपॅसिटर त्याच वर्गाचे हवेत, कारण ते निकामी झाले तरी आग किंवा शॉक लागू नये अशा कसोटीवर बनलेले असतात. व्हॅरिस्टरवर ४७१ असेल तर ४७१च. फ्यूज त्याच अँपिअरचा, आणि त्यावर टी अक्षर (उशिरा उडणारा) असेल तर तसाच. फ्यूजच्या जागी तार गुंडाळलेली कार्डं मी पाहिली आहेत. तार टिकते आणि घर जळतं.

एक्स२ कॅपॅसिटरबद्दल आणखी थोडं. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या स्वस्त कार्डांत तोच वीज कमी करायचं काम करतो. वर्षांनी त्याची क्षमता घटते आणि डिस्प्ले मंद होतो, रिले टकटक करत राहतो. पूर न येताही येणारी ही तक्रार आहे, आणि एवढा एक पार्ट बदलून अनेकदा सुटते.

वीज देण्याआधी आणि देताना

थंड तपासणी आधी. फ्यूजच्या पुढे फेज आणि न्यूट्रलमध्ये मीटर शून्याजवळ दाखवता कामा नये. ब्रिजचा प्रत्येक डायोड डायोड-रेंजमध्ये एका दिशेने ०.५ ते ०.६ व्होल्ट दाखवेल, उलट दिशेने काही नाही. दोन्ही दिशांनी बीप आली तर तो शॉर्ट. मोटर आणि हीटरही पाण्यात होते हे विसरू नका. त्यांचं इन्सुलेशन ५०० व्होल्टच्या मेगरने तपासून घ्या, बॉडीशी १ मेगओहमच्या खाली असेल तर कार्डाला जोडू नका. अर्थची पिन आणि मशीनचा पत्रा यांच्यात एक ओहमपेक्षा कमी हवा.

मग सिरीज बोर्ड. एक होल्डर, त्यात ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब, आणि तो फेजच्या वाटेत. एलईडी बल्ब इथे कामाचा नाही. मोटर, हीटर, पंप सगळं सोडवून फक्त कार्ड आणि डिस्प्ले जोडा. ३० मिलिअँपच्या आरसीसीबीवरचं (वीज गळली की लाइन तोडणाऱ्या स्विचवरचं) सॉकेट घ्या, जमीन कोरडी, पायाखाली रबरी मॅट, घरात दुसरं मोठं माणूस हजर. कार्ड लाकडी टेबलावर ठेवून, हात मागे घेऊन, भिंतीवरचा स्विच चालू करा. बल्ब क्षणभर चमकून विझला किंवा मंद राहिला तर ठीक. पूर्ण प्रकाशाने पेटून राहिला तर शॉर्ट आहे. लगेच बंद, प्लग बाहेर, कॅपॅसिटर पुन्हा रिकामा, आणि पुन्हा थंड तपासणी.

चालू कार्डाला कुठेही बोट लावायचं नाही, ‘ही तर पाच व्होल्टची बाजू’ म्हणूनही नाही. वॉशिंग मशीनच्या पुष्कळ कार्डांत पाच व्होल्टची लाइन थेट मेन्सला बांधलेली असते. मीटर तिथे पाच दाखवेल, पण जमिनीवर उभ्या माणसाला तिथे २३० लागू शकतात. चालू कार्डावर मोजायचा सराव नसेल तर इथे थांबून जाणकाराला बोलवा. सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं ते हाताचं कसब शास्त्र समजून शिकवण्यासाठी. या गावात असे जाणते हात अजून आहेत, आणि उरलेलं काम ते तासाभरात करतील.

डिस्प्ले आला, बटणं दाबली जातात, रिलेचा आवाज नीट येतो, की बंद करून कॅपॅसिटर रिकामा करा आणि कार्ड मशीनमध्ये बसवा. आधी पाणी भरण्याचा व्हॉल्व्ह, मग पंप, मग मोटर असं एकेक जोडून चालवून पाहा, प्रत्येक जोडणीआधी प्लग बाहेर. पहिली फेरी कपड्यांशिवाय आणि तुम्ही समोर असताना. पहिले काही दिवस धुणं झालं की प्लग काढून ठेवा.

पीसीबी लॅकर, म्हणजे कार्डाला ओलाव्यापासून वाचवणारा पारदर्शक थर, लगेच मारू नका. खाली क्षार राहिले असतील तर ते लॅकरखाली कोंडले जातात आणि गंज झाकलेला वाढतो. आठ-दहा दिवस मशीन वापरा, मग प्लग काढून, वीज उतरवून कार्ड पुन्हा बाहेर काढा आणि कनेक्टरच्या पायांशी नवा हिरवटपणा आहे का पाहा. असेल तर पुन्हा अल्कोहोल आणि ब्रश, पुन्हा सुकवणे. नसेल तर कनेक्टरच्या तोंडांवर, बटणांवर आणि बझरवर चिकटपट्टी लावून लॅकरचे दोन पातळ हात द्या, मध्ये पहिला पूर्ण वाळू द्या, आणि पट्ट्या काढूनच कार्ड परत बसवा.